आद्याक्षरे आणि संदर्भसूची

आडनाव प्रथम आणि व्यक्तिनामाचे केवळ आद्याक्षर, ही संदर्भलेखनाची रीत आपल्या प्रबंधांतून पुष्कळदा निर्विवाद नियम म्हणून पाळली जाते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने 1929 साली केलेल्या सूचनांतून वाढलेल्या शैलीने ती दूरवर नेली. भाषा-वाङ्मयाच्या अभ्यासासाठी घडलेली एम.एल.ए. शैली मात्र पूर्ण नाव ठेवते. हा भेद किरकोळ नव्हे.

मराठीत आद्याक्षरांना स्वतःचा इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकातील लेखक आपल्याला विष्णुशास्त्री, लोकहितवादी, जोतीराव असे भेटतात. विसाव्या शतकात वि. का. राजवाडे, वा. ल. कुलकर्णी ही घडण रूढ झाली: आपले अक्षर, वडिलांचे अक्षर, मग आडनाव. ही अक्षरे स्वरासह येतात. म्हणून वा. ल. आणि व. दि. हे दोन कुलकर्णी देवनागरीत पहिल्याच अक्षराला वेगळे होतात. रोमनमध्ये दोघांचाही आरंभ 'व्ही'ने. पुढे या अक्षरांना आदरार्थी अनेकवचन आणि विभक्तीही लागली: वालंनी, दभिंचे, पुलंना. संक्षेपाचे नाव झाले. गुरुनाथ आबाजी कुलकर्णी तर इंग्रजी आद्याक्षरांनीच 'जी. ए.' झाले, सूचीकाराने त्यांना 'गु. आ.' करणे हा शुद्धतेचा अतिरेक ठरेल.

हा मान मात्र मुख्यतः पुरुषांचा. मं. वि. राजाध्यक्ष आणि विजया राजाध्यक्ष ही एकाच घरातील दोन नावे पाहावीत. स्त्रीचे दुसरे अक्षर विवाहाने बदलते. कदाचित त्यामुळेच दुर्गा भागवत, सरोजिनी वैद्य ही नावे पूर्ण राहिली. त्यांवर आद्याक्षराचा नियम लादला की कुसुमावती देशपांडे 'देशपांडे, कु.' होतात आणि वाचकाला त्यात 'कुमारी' दिसू शकते. (श्री. व्यं. केतकरांच्या 'श्री.'चीही तीच गत.) 'कळ्यांचे निःश्वास' 1933 मध्ये प्रसिद्ध झाले तेव्हा जी खळबळ माजली तिच्या मुळाशी विभावरी शिरूरकर हे स्त्रीचे नाव होते. टोपणनावामागची मालतीबाई लपली, स्त्री लपली नाही. 'शिरूरकर, वि.' या नोंदीत तीही लपते. तो विनायक किंवा विष्णू असू शकतो.

शीर्षकपृष्ठावर जे नाव आहे तेच सूचीत यावे, असे माझे मत आहे. साठनंतरच्या पिढीबाबत तर ते अधिकच लागू पडते. भालचंद्र नेमाडे, अरुण कोलटकर, नामदेव ढसाळ यांनी वडिलांचे अक्षर गाळून आपले नाव पूर्ण लिहिले. 'ढसाळ, ना. ल.' अशी नोंद करणारा अभ्यासक 'गोलपिठा'च्या कवीला त्याने न स्वीकारलेल्या पंक्तीत नेऊन बसवतो.