टाळेबंदीतील घरगुती वीजवापर (फुलसावंगी व परिसर)

करोना साथीमुळे मार्च २०२०पासून माणसे घरात अडकली, तेव्हा घराघरांतला वीजवापर वाढला. कारखाने आणि बाजारपेठा बंद पडल्याने देशाची एकूण मागणी मात्र त्याच काळात घसरली. यवतमाळ जिल्ह्याच्या महागाव तालुक्यातील फुलसावंगीसारख्या गावात या बदलाची पहिली खूण होती दुपारचा कूलर. एरवी शेतात, शाळेत, दुकानात असणारे घर ऐन उन्हाळ्यात एका छताखाली आले. २०० वॉटचा कूलर दुपारी सहा तास जादा चालला, तर महिन्याला ३६ युनिट वाढतात. ७५ वॉटचा पंखा आठ तास जादा फिरला की आणखी १८. टीव्हीची मात्र उगाच बदनामी झाली. ५० वॉटचा संच रोज सहा तास जास्त चालला, तरी भर पडते नऊच युनिटांची.

खरा गोंधळ मीटरपेक्षा बिलात झाला. राज्याच्या वीज वितरण कंपनीने, महावितरणने, २३ मार्च २०२०पासून रीडिंग थांबवले आणि एप्रिल-मेची बिले हिवाळ्यातल्या वापराच्या सरासरीने काढली. मोबाइल ॲपवरून स्वतः रीडिंग पाठवण्याची सोय होती, पण खेड्यात ती कितीजणांच्या पचनी पडणार? समजा, हिवाळ्यात महिना ६० युनिट लागणाऱ्या घराने उन्हाळ्यात १३० जाळले. तीन महिन्यांचे ३९० युनिट झाले. त्यातले १२० आधीच्या दोन बिलांत धरलेले, म्हणून जूनच्या एकाच बिलात २७० युनिट दिसले. शिवाय राज्य वीज नियामक आयोगाचे नवे दर १ एप्रिलपासून लागू झाले होते. पहिल्या १०० युनिटांना ३ रुपये ४६ पैसे, पुढे ३००पर्यंत ७ रुपये ४३ पैसे. वहन आकार, स्थिर आकार आणि वीजशुल्क वेगळे. मात्र तीन महिन्यांचे युनिट एकत्र धरून वरचा दर लावलेला नव्हता. स्लॅब महिन्यांच्या हिशेबाने तिप्पट केला होता, त्यामुळे वरच्या उदाहरणात ३०० युनिट खालच्याच दरात बसतात. म्हणजे गणित बहुतेक ठिकाणी बरोबर होते. मजुरी बुडालेल्या घराला ते आकडेमोडीच्या कागदावर समजावणे हा मात्र निराळा प्रश्न होता, आणि तो कोणी वेळेत सोडवला नाही.

जूनचे बिल एकरकमी भरणाऱ्यांना दोन टक्के सूट आणि इतरांना तीन हप्ते मिळाले. राज्याचे तत्कालीन ऊर्जामंत्री नितीन राऊत यांनी सवलतीची आशा दाखवली. नोव्हेंबर २०२०मध्ये, वापरलेल्या विजेचे पैसे भरावेच लागतील, असे त्यांनीच सांगितले. त्याच महिन्यात भाजपने राज्यभर बिलांची होळी केली. थकबाकीदारांची वीज तोडण्याला २ मार्च २०२१ रोजी तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी विधानसभेत स्थगिती जाहीर केली, ती अधिवेशनाच्या अखेरच्या दिवशी, १० मार्चला उठली.