साळुंकी, पोपट आणि मॉरिशसचं उरलेलं रान

मॉरिशसला गेलेल्या मराठी माणसाला तिथले पक्षी ओळखीचे वाटतात. बागेत साळुंकी, तारेवर शिपाई बुलबुल, झाडांवर आपला हिरवा पोपट आणि अंगणात ठिपकेवाला होला. गणेशचतुर्थीची सरकारी सुट्टी असलेल्या या देशात रत्नागिरीतच आहोत की काय, असा भास व्हावा! पण यातला एकही पक्षी मूळचा तिथला नाही. जे मूळचे आहेत, ते पाहायला नैर्ऋत्येच्या डोंगरातल्या ब्लॅक रिव्हर गॉर्जेस राष्ट्रीय उद्यानात जावं लागतं, आणि तिथेही नशीब लागतं.

डच लोक १५९८मध्ये उतरले तेव्हा बेटावर माणसांची वस्ती नव्हती आणि बहुतेक जमीन जंगलाखाली होती. त्यांनी काळं एबनी लाकूड तोडून नेलं, जावाहून हरणं आणली, ऊसही आणला. डोडोची खात्रीची शेवटची नोंद १६६२ची आहे. ही गोष्ट सर्वांना ठाऊक असते, आणि इतिहास तिथेच संपला असं समजलं जातं. वास्तविक डच १७१०मध्ये निघून गेले तेव्हा बरंचसं रान उभं होतं. पुढे फ्रेंच अमलात पियर प्वाव्र या अधिकाऱ्याने १७६९मध्ये प्रत्येकाने आपल्या जमिनीचा चौथा हिस्सा जंगलाखाली ठेवावा असा नियमही केला. झाडं गेली की पाऊस कमी होतो, असं त्याचं म्हणणं होतं. त्या काळात हे फार पुढचं होतं.

मोठा घाव नंतर बसला. बेट १८१०मध्ये इंग्रजांकडे आलं आणि १८२५मध्ये तिथल्या साखरेवरची जकात वेस्ट इंडीजच्या साखरेइतकी कमी झाली. मग ऊस डोंगराच्या पायथ्यापर्यंत गेला. १८३४पासून करारावरचे मजूर हिंदुस्थानातून आणले गेले. सुमारे साडेचार लाख लोक पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरले. त्याच धक्क्याला आज आप्रवासी घाट म्हणतात. मुंबईहून गेलेल्यांत कोकणातले आपले लोक होते. रान मोडून ऊस लावणाऱ्या हातांत त्यांचेही हात होते, हे लपवायचं कारण नाही. शेतातले दगड वेचून त्यांनी रचलेले ढीग आजही उसात उभे दिसतात. पण कुठलं रान मोडायचं हे ठरवणारा मळेवाला होता, मजूर नव्हे.

आज चांगल्या अवस्थेतलं मूळ जंगल बेटाच्या दोन टक्क्यांहूनही कमी उरलं आहे.

रान गेलं म्हणजे फक्त घरटी गेली, असं नाही. रोगराई कशी आली हे पाहण्यासाठी आधी पाहुण्यांकडे वळू. साळुंकी १७६२मध्ये टोळांचा नाश करायला मुद्दाम हिंदुस्थानातून आणली. पोपट १८८६च्या सुमारास पिंजऱ्यातून सुटले. बुलबुल १८९२मध्ये आला. उंदीर मारायला १९००मध्ये मुंगूस आणलं आणि त्याने उंदरांबरोबर पक्षीही खाल्ले. या पक्ष्यांची तुलना देशांतर केलेल्या माणसांशी करायचा मोह काहींना होतो. मला ती मुळीच पटत नाही. माणूस जिथे जातो तिथे काय राखायचं ते ठरवू शकतो, होल्याला ते ठरवता येत नाही.

या होल्यांचा आणि कबुतरांचा एक रोग आहे, ट्रायकोमोनोसिस. घशात एकपेशीय परजीवी वाढतो, सूज येते आणि पक्ष्याला गिळता येत नाही. बाहेरून आलेले होले तो अंगावर बाळगूनही बऱ्याचदा ठणठणीत असतात. मॉरिशसचं गुलाबी कबुतर मात्र त्याने मरतं, विशेषतः पिल्लं, कारण आईबाप आपल्या घशातूनच त्यांना भरवतात. १९९०च्या सुमारास रानात ही कबुतरं जेमतेम दहाच्या आसपास उरली होती. विरळ झालेल्या रानात पुरेशी फळं-पानं मिळेनात म्हणून संवर्धकांनी धान्याची ताटं मांडली. कबुतरं जगली, पण त्याच ताटावर होलेही आले. दाट, फळांनी भरलेल्या रानात दूरदूर चरणारे पक्षी एका जागी गोळा झाले की एकाचा रोग दुसऱ्याला लागायला वेळ लागत नाही. आणखी एक गंमत म्हणजे शेवटची कबुतरं घरटी करत होती ती लावलेल्या जपानी देवदारांच्या राईत. त्यांच्या टोचऱ्या फांद्यांवर माकडं आणि उंदीर सहसा चढत नसत.

तिथल्या मूळच्या इको पोपटाचं दुखणं वेगळं. त्याला जुन्या झाडांच्या ढोल्या लागतात. तेवढी म्हातारी झाडं उरली नाहीत, आणि होती त्या ढोल्यांवर आपल्या पोपटाने हक्क सांगितला. १९८०च्या दशकात इको पोपट वीसहूनही कमी होते. लाकडी पेट्या टांगून आणि हाताने पिल्लं वाढवून संख्या वाढली. २००५च्या सुमारास पिसं गळवणाऱ्या, चोच बिघडवणाऱ्या विषाणूची साथ आली. नातलग असलेल्या हिंदी पोपटातही तो विषाणू आढळतो. त्यातूनही इको पोपट तगले आणि आज काही शेकड्यांत आहेत.

मॉरिशस केस्ट्रेल हा छोटा ससाणा १९७४मध्ये रानात अवघे चार उरले होते. जंगलतोड होतीच, शिवाय हिवतापाविरुद्ध फवारलेल्या डीडीटीचाही त्यात वाटा होता. वेल्समधून १९७९मध्ये आलेल्या कार्ल जोन्स यांनी घरट्यातली अंडी उचलून कृत्रिमरीत्या उबवली, म्हणजे मादी पुन्हा अंडी घाली. ससाणे शेकड्यांनी वाढले. १९९४मध्ये त्यांचा धोक्याचा दर्जा सौम्य झाला, पण २०१४मध्ये त्यांना पुन्हा संकटग्रस्त म्हणावं लागलं. पक्षी वाढवता आले, तेवढं रान वाढवता आलं नाही.

रान वाढवायचं काम सध्या हातांनीच चालतं. हरणं-डुकरं आत येऊ नयेत म्हणून जंगलाच्या लहान तुकड्यांना कुंपण घालतात आणि आतला चिनी पेरू मुळासकट उपटतात. लोकांना हा पेरू भारी आवडतो, हंगामात कुटुंबंच्या कुटुंबं तो तोडायला डोंगरावर जातात. रानात मात्र त्याच्या जाळीखाली मूळ झाडांची रोपं उगवू शकत नाहीत. साफ केलेल्या तुकड्यात काही वर्षांनी पुन्हा निंदणी करावी लागते, कारण बुलबुल आसपासची फळं खाऊन बिया पुन्हा आत टाकून जातो.