बेस्ट मॅन : वराचा पाठीराखा

इंग्लंडमधील चर्चविवाहात वराचा जिवलग मित्र किंवा भाऊ ‘बेस्ट मॅन’ म्हणून त्याच्या शेजारी उभा असतो. वराला वेळेवर चर्चमध्ये पोहोचविणे, अंगठ्या सांभाळून योग्य क्षणी धर्मगुरूंकडे सोपविणे आणि मेजवानीत खुमासदार भाषण करणे, ही त्याची प्रमुख कर्तव्ये होत. कायद्याने मात्र बेस्ट मॅन बंधनकारक नाही. १९४९च्या विवाह कायद्यानुसार किमान दोन साक्षीदार आवश्यक असून, त्यांपैकी एक होण्याचा मान अनेकदा त्यालाच मिळतो. भारतातही १८७२च्या ख्रिस्ती विवाह कायद्यानुसार विवाह लावणाऱ्या धर्मगुरूंखेरीज किमान दोन साक्षीदार लागतात. त्यामुळे अंगठी घरी विसरली, तरी कायद्याच्या दृष्टीने विवाह अडत नाही. साक्षीदारांविना मात्र तो लावता येत नाही.