निमित्त कीं काकतालीय?

नाडी वैद्याच्या हातीं असली तरी ती ज्याच्या देहांत चालते त्यालाही तिच्याविषयीं कांहीं सांगावयाचें असतें. तें किती ऐकावें आणि किती मानावें, हा वैद्यकाच्या इतिहासांतील जुना प्रश्न आहे. एट्रिअल फिब्रिलेशन या हृदयविकाराच्या इतिहासांत त्याचें उत्तर शंभराहून अधिक वर्षांच्या अवधींत कसें घडत गेलें, हें पाहण्यासारखें आहे.

निरोगी हृदयांत ठोक्याची आज्ञा उजव्या कर्णिकेंतील एका लहानशा पेशीपुंजांतून निघते. वरच्या दोन कर्णिका आधीं आकुंचन पावतात आणि क्षणाच्या अंतरानें खालच्या दोन जवनिका. ही शिस्त दिवसाकाठीं सुमारें एक लक्ष वेळां, आपल्या नकळत, पाळली जाते. या विकारांत ती मोडते. कर्णिकांच्या स्नायूंतून विजेच्या लहरी मिनिटास साडेतीनशें ते सहाशें या वेगानें स्वैर धांवूं लागतात, आणि कर्णिका आकुंचन न पावतां नुसत्या थरथरत राहतात. त्यांपैकीं थोड्याच लहरी जवनिकांपर्यंत पोहोंचतात, आणि त्याही कोणताच ताल न पाळतां. नाडी पाहणाऱ्याच्या बोटाखालीं मग एक ठोका मोठा, दुसरा लहान, तिसरा घाईचा, चौथा उशिराचा, असा गोंधळ चालतो. कोणास छातींत पांखरूं फडफडल्यासारखें वाटतें, कोणास धाप लागते, कोणास कांहींच कळत नाहीं. पुष्कळांच्या बाबतींत हा विकार प्रारंभीं झटक्यांनीं येतो, कांहीं तास किंवा कांहीं दिवस राहतो, आणि आला तसा निघून जातो. म्हणूनच झटका येऊन गेलेला मनुष्य स्वतःस विचारतो : आजच कां? काल खाण्यांत काय आलें, पिण्यांत काय आलें, झोंप किती झाली?

या गोंधळाचें खरें स्वरूप कळावयास फार काळ लागला. इंग्लंडांतील लँकेशायर परगण्यांत बर्नली नांवाच्या गिरणगांवीं जेम्स मॅकेंझी हे कुटुंबवैद्य होते. १८७९ पासून १९०७ पर्यंत त्यांनीं तेथें व्यवसाय केला. मनगटाची नाडी आणि मानेंतील शीर यांची स्पंदनें एकाच वेळीं कागदावर उमटविणारें पॉलिग्राफ नांवाचें यंत्र त्यांनीं सिद्ध केलें. मॅकेंझी यांचें वैशिष्ट्य मात्र यंत्रापेक्षां चिकाटींत अधिक होतें. गांवांतील तेच रोगी त्यांच्याकडे वर्षानुवर्षें येत, आणि आलेखांबरोबर त्यांच्या तक्रारीही ते नोंदवून ठेवीत. नाडी कायमची अनियमित झाली कीं शिरेच्या आलेखांतील कर्णिकेची लहर नाहींशी होते, हें त्यांच्या ध्यानांत आलें. परंतु कर्णिकेचें नेमकें होतें काय, तें यंत्रावरून ठरेना. पुढें हॉलंडांत लायडन येथें विलेम आइंटहोव्हेन यांनीं हृदयाचे विद्युत्-आलेख घेण्याचें साधन निर्माण केलें आणि मार्ग मोकळा झाला. १९०९ सालीं लंडनांत थॉमस लुइस यांनीं, व त्याच वर्षीं व्हिएन्नांत रोथबर्गर आणि विंटरबर्ग यांनीं, ही अनियमितता कर्णिकांच्या थरथरण्यामुळेंच होते असें दाखवून दिलें.

रोग सांपडला, पण रोग्याचा प्रश्न तसाच राहिला. १९१२ सालीं कारेल वेंकेबाख या डच हृदयतज्ज्ञाकडे एक डच व्यापारी आला. त्या वेळीं त्याचे ठोके अनियमित होते. यांत भय नाहीं, पण हें थांबविण्याचा उपायही आपल्यापाशीं नाहीं, असें वेंकेबाख यांनीं त्यास सांगितलें. व्यापाऱ्यास तें पटलें नाहीं. पेढीच्या व्यवहारांत ज्याला शिस्त लागते त्याला हृदयाच्या व्यवहारांतली बेशिस्त कशी सहन व्हावी? उद्यां सकाळीं नियमित नाडी घेऊन येतों, असें सांगून तो गेला, आणि दुसऱ्या दिवशीं खरोखरच तसा आला. एक ग्रॅम क्विनाइन घेतलें कीं अर्ध्या तासाच्या आंत झटका थांबतो, हें त्यानें स्वतःच्या अनुभवावरून शोधून काढलें होतें. वेंकेबाख यांनीं ही गोष्ट हंसण्यावारी नेली नाहीं. इतर रोग्यांवर त्यांनीं तो प्रयोग करून पाहिला. गुण थोड्यांनाच आला, तरीही १९१४ च्या आपल्या ग्रंथांत त्यांनीं ही हकीकत प्रामाणिकपणें छापली. १९१८ मध्यें जर्मनींत वाल्टर फ्राय यांनीं सिंकोना झाडाच्या सालींतील द्रव्यांची तुलना केली, तेव्हां क्विनाइनचें जवळचें भावंड म्हणावें असें क्विनिडिन अधिक गुणकारी ठरलें. तें औषध पुढें कित्येक दशकें चाललें. त्याच्यामुळेंच क्वचित् अधिक घातक अनियमितता उत्पन्न होते असें आढळल्यावर तें मागें पडलें. तेव्हां व्यापाऱ्याचा उपाय आज घरीं करून पाहण्यासारखा नाहीं.

एका सामान्य माणसाच्या सांगण्याला एवढें वजन कां आलें? त्यानें नुसतें मत दिलें नाहीं. आधीं भाकित केलें आणि मग तें तपासूं दिलें. परंतु त्याला सांपडलें तें झटका थांबविण्याचें साधन होतें. झटका कशानें सुरू होतो, हें ठरविणें त्याहून अवघड आहे. कावळा ताडावर बसला आणि त्याच क्षणीं फळ पडलें, एवढ्यावरून कावळ्यानें फळ पाडलें असें ठरत नाहीं. आपल्या शास्त्रकारांनीं यालाच काकतालीय न्याय म्हटलें. मनुष्य दिवसांत शेंकडों गोष्टी करतो, आणि झटका आल्यावर त्यांतली जी आधींच संशयास्पद वाटत होती तीच त्याला आठवते. ज्या दिवशीं तीच कॉफी पिऊन कांहींच झालें नाहीं, ते दिवस साक्षीस येत नाहींत. डाव्या कुशीवर निजलें असतां हृदय छातीच्या भिंतीजवळ येतें आणि ठोका अधिक जाणवतो. मग झटका त्या वेळीं सुरू झाला, कीं आधींच चाललेला त्या वेळीं कळला, हें निजणाऱ्यास कसें उमगावें?

तथापि रोग्यांच्या हकीकती निरर्थक नसतात, हेंही सिद्ध झालें. १९७८ सालीं अमेरिकेंत न्यूअर्क येथें फिलिप एटिंजर आणि त्यांचे सहकारी यांनीं अतोनात मद्य पिणाऱ्या चोवीस जणांतील अनियमित ठोक्यांचे बत्तीस प्रसंग अभ्यासिले. हे लोक बहुधा रविवार ते मंगळवार या दिवसांत, किंवा वर्षअखेरच्या सणांच्या सुमारास, रुग्णालयांत येत. या अवस्थेस त्यांनीं ‘हॉलिडे हार्ट’, म्हणजे सुटीचें हृदय, असें नांव दिलें. त्याच सुमारास पॅरिसमध्यें फिलिप कुमेल यांनीं झटक्यांच्या वेळा पाहून दोन प्रकार वेगळे केले. कांहींना झटका रात्रीं, भरपेट जेवणानंतर, किंवा श्रमानंतरच्या विश्रांतींत येतो. तेथें हृदयास मंद करणाऱ्या व्हेगस नांवाच्या मज्जातंतूचें प्राबल्य असतें. कांहींना तो दिवसा, धांवपळींत किंवा मनःक्षोभांत येतो. तेथें हृदयास उत्तेजित करणाऱ्या मज्जातंतूंचा जोर असतो. एकाचें निमित्त दुसऱ्याचें नसतें, हा यांतला बोध.

पण बोध म्हणजे पुरावा नव्हे. तो पुरावा रोग्यानेंच स्वतःवर गोळा करावा, अशी योजना सॅन फ्रान्सिस्को येथील ग्रेगरी मार्कस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं आंखली व तिचा निष्कर्ष २०२१ सालीं प्रसिद्ध केला. सुमारें पांचशें रोग्यांपैकीं एका गटास आपापलें संशयित निमित्त निवडावयास सांगितलें. तीन आठवडे तें सेवन करावयाचें व तीन आठवडे वर्ज्य करावयाचें. कोणता आठवडा कसला, हें चिठ्ठी टाकल्याप्रमाणें ठरे. हृदयाचा आलेख रोगी स्वतःच, फोनला जोडलेल्या लहानशा उपकरणावर घेई. सर्वांत अधिक लोकांनीं बोट दाखविलें तें कॉफीकडे. अपुरी झोंप, व्यायाम, डावी कूस, थंड पेयें, जड जेवण यांचीही झडती झाली. एकत्रित हिशेबांत गुन्हा शाबीत झाला तो एकट्या मद्यावर. या परीक्षेनें एकंदर जीवनमानांत फरक पडला नाहीं; परंतु ज्यांनीं ती केली त्यांना पुढच्या चार आठवड्यांत झटके सुमारें चाळीस टक्के कमी आले.

मद्याविरुद्धची साक्ष दुसरीकडूनही आली. २०२० सालीं प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियांतील एका प्रयोगांत १४० नियमित मद्यपी रोगी होते. ज्यांनीं मद्य जवळजवळ सोडलें त्यांच्यापैकीं ५३ टक्क्यांना, आणि ज्यांनीं चालू ठेवलें त्यांच्यापैकीं ७३ टक्क्यांना, सहा महिन्यांत विकार पुन्हां झाला. कॉफीची बाजू तर उलटीच निघाली. २०२५ मधील एका प्रयोगांत, विद्युत्-उपचारानें हृदय ताळ्यावर आणलेल्या २०० रोग्यांपैकीं कॉफी पिणाऱ्यांत ४७ टक्क्यांना, तर ती वर्ज्य करणाऱ्यांत ६४ टक्क्यांना विकार पुन्हां उद्भवला. कित्येक घरांत ज्या पेल्यावर वर्षानुवर्षें बंदी होती, तो निरपराध ठरला.

ही गोष्ट वाटते तेवढी लहान नाहीं. काकतालीयास निमित्त मानलें कीं मनुष्य एकेक सुख आणि एकेक हिताची गोष्टही सोडीत जातो. फिरावयास जाणें बंद होतें, कुशीवर वळण्याचेंही भय वाटूं लागतें. याहून मोठा धोका दुसराच आहे. निमित्त सांपडलें, आतां रोग गेला, असें समजून औषध थांबविणें. थरथरणाऱ्या कर्णिकेंत रक्त सांचून गुठळी होते, ती मेंदूंत गेली तर अर्धांगवायु होतो. या विकारांत तो संभव सुमारें पांचपट असतो, आणि ठोका जाणवत नसला म्हणून तो टळत नाहीं. वय, रक्तदाब, स्थूलता, झडपांचा विकार, झोंपेंत श्वास अडणें, थायरॉइड ग्रंथीचा अतिरेक हीं कारणें होत. निमित्त हें ठिणगीसारखें. कारण म्हणजे भोंवतीं रचलेलें गवत. ठिणगी टाळल्यानें गवत हटत नाहीं.

म्हणून टिपणवही अवश्य ठेवावी. पण तींत झटक्याच्या दिवसांबरोबर निर्वेध गेलेले दिवसही लिहावे, आणि ती आपल्या डॉक्टरांपुढें ठेवावी. रोगी हा पहिला साक्षीदार खरा. परंतु साक्षीदारानें न्यायाधीशाच्या आसनावर बसण्यापूर्वीं उलटतपासणीस उभें राहिलें पाहिजे.