छपराखालील खेळ आणि छायाचित्र

गेल्या हिवाळ्यांत आमच्या बुलढाणा जिल्ह्यांतील एका क्रीडागृहांत मुलांच्या बास्केटबॉलचे सामने होते. महाविद्यालयांतील एका शिपायाचा मुलगा त्यांत खेळत होता. "सर, पोराचा एक चांगला फोटो काढा," अशी त्या गृहस्थानें गळ घातली, आणि आम्ही आपला जुना कॅमेरा गळ्यांत अडकवून तेथें गेलों. ज्याचें आयुष्य इतिहास शिकविण्यांत गेलें त्यानें अशा भरीस पडूं नये. घरीं येऊन पाहतों तों साठ-सत्तर चित्रांत मुलगा म्हणून कोठेंच नव्हता. मळकट पिवळ्या उजेडांत बनियनचे पांढरे पट्टे तेवढे ओढल्यासारखे उमटले होते.

कॅमेऱ्यास दोष देऊन मोकळें होणें सोपें होतें. परंतु मागें वळून पाहण्याची खोड आम्हांस धंद्यानेंच लावली आहे. आणि पाहिलें तों ही अडचण त्या खेळाइतकीच जुनी निघाली. १८९१ च्या डिसेंबरांत, अमेरिकेंतील स्प्रिंगफील्ड येथें, बाहेर हिवाळा असल्यामुळें मुलांना आंतच खेळवितां यावें म्हणून नेस्मिथ नांवाच्या शिक्षकानें दहा फूट उंचीवर पीचच्या टोपल्या टांगून हा खेळ बसविला. त्याच्या त्या पहिल्या शिष्यांचें छायाचित्र प्रसिद्ध आहे. मात्र त्यांत खेळ मुळींच नाहीं. मंडळी पायऱ्यांवर स्वस्थ ओळीनें बसलेली आहेत! खेळ छपराखाली जन्मला, आणि त्याचें चित्र निघालें तें मुलांना स्थिर बसवून.

असें कां व्हावें, हें समजण्यास स्प्रिंगफील्डला जाण्याचें कारण नाहीं. बुलढाणें ज्या डोंगररांगेवर वसलें आहे, त्याच रांगेंत अजिंठ्याचीं लेणीं आहेत. तेथील भित्तिचित्रांच्या नकला उतरविण्याच्या कामावर रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याची १८४४ सालीं नेमणूक झाली. वर्षानुवर्षें त्यानें रंगविलेल्या बहुतेक नकला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्यें १८६६ च्या आगींत भस्म झाल्या. त्यानें कॅमेराही हातीं घेतला होता, आणि त्याचीं छायाचित्रें मात्र राहिलीं. आमच्या जिल्ह्यांतील लोणारच्या दैत्यसूदन मंदिराचें चित्रही त्यांत आहे. त्या काळीं कांचेवर ओला रस पसरून ती ओली असतांनाच चित्र घ्यावें व धुवावें लागे. लेण्याच्या आंत उजेड थोडा. परंतु बुद्धाची मूर्ति हालत नाहीं, म्हणून कांच ओली असेपर्यंत भिंग बराच वेळ उघडें ठेवण्याची सोय होती. उजेडाची तूट वेळानें भरून काढावयाची, हाच त्यांतील हिशेब. गिल १८७९ सालीं वारला. त्याची कबर भुसावळास आहे.

खेळाडू ही उधारी देत नाहीं. हें ओळखूनच कीं काय, हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनीं १८९९ सालीं पुंडलिक दादा व कृष्णा न्हावी या दोन मल्लांची कुस्ती चलच्चित्रांत घेतली ती मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्यें, उघड्या आभाळाखाली. मराठी माणसानें टिपलेला खेळ तो हा. आणि त्याचें निम्में श्रेय सूर्याचें आहे. छपराखालीं सूर्याची जागा घेण्यासाठीं १८८७ सालीं जर्मनींत मॅग्नेशियमची भडका उडविणारी पूड निघाली, पुढें विजेचा लखलखाट आला. परंतु टोपलीवर नजर लावलेल्या पोराच्या डोळ्यांत असा लखलखाट मारणें आम्हांस शिष्टपणाचें वाटत नाहीं.

राहतां राहिले छतावरील दिवे. त्यांची एक गंमत आम्हांस या वयांत कळली. आपल्याकडील वीज सेकंदास ५० आवर्तनें करते, म्हणून जुन्या पद्धतीचे दिवे सेकंदास १०० वेळां उजळतात व मंदावतात. डोळ्यांस तें दिसत नाहीं, कॅमेऱ्यास दिसतें. सेकंदाच्या पांचशेव्या भागांत चित्र घ्यावें तर एक उजळ, दुसरें काळसर, तिसऱ्याचा रंगच निराळा. शंभरावा भाग धरावा तर दिव्याचा एक पूर्ण फेरा सांपडतो, रंग सारखा येतो. पण धांवणारा मुलगा पुसला जातो. आमच्या पहिल्या दिवसाची फजिती ती हीच.

यांतून वाट आहे ती जुन्या गतिशास्त्रांत. वर फेंकलेला दगड खालीं वळण्यापूर्वीं क्षणभर थांबतो. उडी मारणारा मुलगाही थांबतो. आरंभीं पंच चेंडू उडवितो तेव्हां दोन मुलें जवळजवळ सरळ वर जातात, तोच क्षण धरावयाचा. दुसऱ्या दिवशीं आम्ही कॅमेऱ्याची प्रकाशग्राहकता वाढवून (चित्रांत थोडी रवाळी येते, ती येऊं द्यावी) मध्यरेषेच्या बाजूस जमिनीवर बसलों. वीस-बावीस वेळां चुकलों. सोमवारीं एक चित्र त्या गृहस्थाच्या हातीं दिलें. चेहरा स्वच्छ होता, ताणलेली मानही स्पष्ट होती. बापानें तें बराच वेळ पाहिलें व कागदांत गुंडाळून खिशांत ठेवलें. मुलगा मात्र दुसऱ्या दिवशीं आम्हांस वाटेंत गांठून विचारता झाला, "सर, यांत चेंडू असा धुरासारखा कां दिसतो?"