बोरू, बेरीज आणि एकबेरीज

कचेरीतील वेळेची काटकसर हा संगणकाच्या आगमनाबरोबर उद्भवलेला विषय आहे असे आपण समजतो. परंतु ज्याने मोडी लिपीतील एखादा जुना कागद हाती धरून पाहिला असेल, त्याला ही काटकसर अक्षराच्या वळणातच मुरलेली दिसून येईल. कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत शिरोरेषा आधीच ओढून घ्यावी, मग तिच्याखाली, बोरू होता होईतो न उचलता, एका अक्षराच्या शेपटातून दुसऱ्या अक्षराचा आरंभ काढीत ओळ पुरी करावी, आणि इकार-उकारांच्या ऱ्हस्वदीर्घाचा विचार करीत थांबू नये म्हणून दोहोंसाठी एकेकच खूण ठेवावी, अशी ही लिपी आहे. बालबोध ही वाचणाऱ्याच्या सोयीची आणि मोडी ही लिहिणाऱ्याच्या निकडीची. ‘राजश्री’चे ‘रा.’ झाले, ‘रुपये’चे ‘रु॥’ झाले. पत्रांचे मायने ठरून गेले, म्हणजे बरोबरीच्यास काय लिहावे, वडिलांस काय, हाताखालच्या अंमलदारास काय, याचा नव्याने विचार करण्याचे कारकुनास कारणच उरले नाही. नमुना ठरलेला असला की बुद्धी मजकुराकडे मोकळी राहते, हे त्या लोकांस पक्के ठाऊक होते.

हिशेबाच्या बाबतीत तर ही तयारी बालपणीच सुरू होई. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी ही अपूर्णांकांची कोष्टके पंतोजींच्या शाळेत रोज संध्याकाळी घोकून घेतली जात. साडेतीन रुपये मण दराने नऊ मण धान्याची किंमत काढावयाची असता पाटी-पेन्सिलीची गरज पडत नसे. औटकीतले नववे पद जिभेवर असे आणि साडेएकतीस, म्हणजे एकतीस रुपये आठ आणे, हा आकडा मापारी माप खाली ठेवण्यापूर्वी तयार असे. या पाठांतराची पुढे पुष्कळ निंदा झाली, आणि अर्थ न समजता केलेल्या घोकंपट्टीपुरती ती रास्तही होती. तथापि एकदाच श्रम करून त्याचे फळ आयुष्यभर वापरावयाचे, हे जे त्यामागील तत्त्व, त्याला मी तरी कधी तुच्छ मानू शकलो नाही.

या तत्त्वाचा सर्वांत भव्य आविष्कार पेशव्यांच्या पुण्यातील हुजूर दफ्तरात झाला. नाना फडणीसांच्या कारकिर्दीत तेथे दोनशेहून अधिक कारकून काम करीत. फड, बेहेडा, सरंजाम अशी त्या दफ्तराची खाती होती. फडात रोजचे कागद होत, आणि परगण्यांतून आलेल्या हिशेबांवरून जमाखर्चाचा अंदाज बांधणे हे बेहेड्याचे काम असे. परंतु माझे मन रमते ते ‘एकबेरीज’ दफ्तरात. इतर सर्व खात्यांचे हिशेब अखेरीस येथे येत. त्यांची वर्गवारी होई. ‘तर्जुमा’ या नावाने साऱ्या मुलखाच्या वार्षिक जमेचा, खर्चाचा आणि शिलकेचा गोषवारा तयार होई. आणि ‘खतावणी’त निरनिराळ्या खर्चाच्या रकमा आपापल्या सदराखाली वर्णानुक्रमे लावल्या जात. म्हणजे अमुक सदराखाली वर्षात किती रक्कम गेली हे पाहण्यासाठी रोजकिर्दीची शेकडो पाने चाळण्याचे प्रयोजन नव्हते. ती रक्कम एकदा किर्दीत नोंदली गेली, तेथून खतावणीत चढली, आणि पुढच्या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर त्या दोन नोंदींतून निघे. आजची संगणकावरील कोष्टकाची आज्ञावली विखुरलेल्या नोंदी सदरांप्रमाणे गोळा करून क्षणात बेरीज दाखविते, तेव्हा ती हेच करीत असते. फरक वेगाचा आहे, रीतीचा नाही.

ही शिस्त माणसांवर उभी होती, म्हणून माणसे गेली तशी तीही गेली. १८०० साली नानांचा अंत झाला आणि दुसऱ्या बाजीरावाच्या अमदानीत दफ्तराकडे इतके दुर्लक्ष झाले की, कारकुनांचा बहुतेक सरंजाम मोडला, येणाऱ्याजाणाऱ्यास आत मोकळी वाट मिळाली आणि कागद अस्ताव्यस्त झाले. पुढे १९३० ते १९३४ या काळात गोविंद सखाराम सरदेसाई यांनी त्यातील निवडक कागदांचे ४५ खंड सिद्ध केले, त्या परिश्रमांचे मोल या अव्यवस्थेच्या पार्श्वभूमीवर अधिकच जाणवते.

संगणकाची कथा यामानाने कालची. हार्वर्डच्या व्यापारशाळेत शिकत असता, फळ्यावरील कोष्टकातला एक आकडा बदलला की पुढचे सारे आकडे पुसून पुन्हा मांडावे लागतात, हे डॅन ब्रिकलिन यांनी पाहिले, आणि बॉब फ्रँक्स्टन यांच्या साहाय्याने १९७९ साली त्यांनी ‘व्हिजिकॅल्क’ ही कोष्टकाची आज्ञावली बाजारात आणली. त्याच जातीचे एक्सेल १९८५ सालचे.

काही वर्षांपूर्वी कामानिमित्त एका कचेरीत तासभर बसण्याचा प्रसंग आला असता, निवृत्तीला आलेले एक लेखनिक एक्सेलच्या रकान्यात आकडे टंकित करून, शेजारच्या गणकयंत्रावर त्यांची बेरीज करून, ती पुन्हा तळाशी हाताने लिहिताना मी पाहिले. अक्षर न् अक्षर काळजीने तपासणारा तो मनुष्य होता. उणीव त्याच्या निष्ठेत नव्हती, त्याला ते यंत्र देताना त्याची रीत कोणी दिली नव्हती. मी बेरजेचे सूत्र घालून दाखविले, मग सदरवार बेरीज कशी मागावी तेही दाखविले. त्यांनी वरचा एक आकडा मुद्दाम बदलून तळाकडे पाहिले, पुन्हा बदलला, पुन्हा पाहिले. “म्हणजे ही खतावणीच झाली की हो,” ते म्हणाले. त्यांचे वडील एका पेढीवर दिवाणजी होते. मग त्यांनी उठून कपाट उघडले आणि उरलेल्या अकरा महिन्यांचे कागद टेबलावर आणून ठेवले.