नोंदवहीतले पोट : प्रस्तावना

‘कॅन्सर होऊ नये म्हणून काय खावं?’ हा प्रश्न डॉक्टरांना दवाखान्यात विचारतात, तसा लग्नाच्या पंगतीतही विचारतात. विचारणाऱ्याला हळद, लसूण, गव्हांकुराचा रस असे एखादे नाव हवे असते. ज्या शास्त्राची ओळख हे पुस्तक करून देते, त्याच्याकडे असे नाव नाही. तरीही या विषयाकडे वळणाऱ्यांचे मी मनापासून स्वागत करतो, कारण सवयी आणि पचनसंस्थेचे कर्करोग यांचे नाते सांगण्याजोगे बरेच काही त्याच्यापाशी आहे.

हे शास्त्र नोंदींवर उभे राहिले. भारतातली पहिली लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी १९६३ साली मुंबईत सुरू झाली, आणि ग्रामीण भागातली पहिली १९८७ साली बार्शीला. शहरात रुग्णालयांचे कागद चाळले की बहुतेक रुग्ण सापडतात. बार्शी, परांडा, भूमकडच्या खेड्यांत रुग्ण रुग्णालयापर्यंत पोचेलच याची खात्री नव्हती. म्हणून नोंदणीचे कार्यकर्ते गावोगाव हिंडले, लोकांना लक्षणे समजावून सांगितली आणि संशयितांना तपासणीसाठी पाठवले. तक्त्यातल्या एका आकड्यामागे किती पायपीट असते, हे वाचताना विसरू नये.

नोंदी जमल्या की तुलना करता येते. जपानमधून अमेरिकेत गेलेल्या कुटुंबांत जठराचा कर्करोग कमी होत गेला आणि मोठ्या आतड्याचा वाढला. वंश तोच होता, राहणी आणि ताट बदलले होते. युगांडात शस्त्रक्रिया करणाऱ्या डेनिस बर्किट यांना तिथल्या लोकांत मोठ्या आतड्याचा कर्करोग क्वचित दिसे. त्याचा संबंध त्यांनी १९७१ साली अन्नातल्या चोथ्याशी जोडला. पुढे २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत भरपूर चोथा आणि कमी स्निग्धांश असलेला आहार चार वर्षे घेऊनही मोठ्या आतड्यातल्या गाठी (पॉलिप) पुन्हा होण्याचे थांबले नाही. मोठ्या लोकसमूहांच्या दीर्घ पाहण्या मात्र अख्ख्या धान्याच्या बाजूने बोलतात. चार वर्षे पुरेशी होती का, की चोथा खाणारी माणसे इतर बाबतींतही वेगळी वागतात? या ओढाताणीतच विषयाची खरी गोडी आहे. माझा कल ज्वारी-बाजरीच्या भाकरीकडे आहे, पण कल म्हणजे पुरावा नव्हे.

तंबाखूबाबत असा संदेह उरलेला नाही. आपल्याकडे तळहातावर चुना लावून मळलेली चिमूट दाढेत धरतात, सकाळी बोटाने हिरड्यांना मशेरी लावतात आणि धोका तोंडापुरताच समजतात. रस गिळला जातो; बिनधुराची तंबाखूही अन्ननलिकेच्या आणि स्वादुपिंडाच्या कर्करोगाला कारण ठरते. दारूचा संबंध अन्ननलिका, यकृत आणि मोठे आतडे या तिन्हींशी आहे, आणि वाढलेल्या वजनाची यादी तर याहून लांब आहे. यकृताच्या बाबतीत हेपटायटिस-बीची लस आणि बुरशी आलेले शेंगदाणे वा मका बाजूला काढणे, या साध्या गोष्टींनाही मोल आहे.

आता एक इशारा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ साली सांगितले, की सॉसेज, हॅम, बेकनसारखे प्रक्रिया केलेले मांस रोज ५० ग्रॅम खाल्ल्यास मोठ्या आतड्याच्या व गुदाशयाच्या कर्करोगाची जोखीम १८ टक्क्यांनी वाढते. बातमी वाचून अनेकांना वाटले, खाणाऱ्या शंभरातल्या अठरांना तो होणार. समजा, एरवी हजारातल्या वीस जणांना आयुष्यात हा रोग होतो. तर या हिशेबाने तो सुमारे चोवीस जणांना होईल. वाढ खरी आहे, भीती मात्र भलतीच होती.

म्हणून पहिले प्रकरण जोखमीच्या मोजमापाचे ठेवले आहे. ते गाळून थेट आहारावर उडी मारण्याचा मोह होईल. निदान त्यातली पहिली दोन उदाहरणे कागद-पेन्सिल घेऊन सोडवा. पुढची प्रकरणे हव्या त्या क्रमाने वाचली तरी चालतील.